घरी जोडलेला संगणक सुरू होत नसेल तर तो कुठे अडला आहे ते आधी शोधावे

पुण्यात टिळक रस्त्यावरच्या दोन-चार दुकानांतून भाव काढून एकेक सुटा भाग आणावा, रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळे मांडून जोडणी करावी आणि संध्याकाळी घरच्यांच्या देखत बटण दाबल्यावर काहीच घडू नये, हा अनुभव स्वतः संगणक जोडणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी येतो. मनात पहिली शंका येते ती मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात ती मुख्य पाटी, खराब निघाल्याची, आणि माणूस दुकानदाराला फोन लावतो. माझ्याकडे ओळखीपाळखीचे लोक असे संगणक घेऊन येतात, त्यांपैकी फारच थोड्यांत एखादा भाग खरोखर बिघडलेला असतो. बाकी सर्व ठिकाणी एखादी केबल अर्धवट बसलेली असते, रॅमची (तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी चुकीच्या खाचेत असते किंवा जिथे धातू टेकायला नको तिथे तो टेकलेला असतो. म्हणून भाग बदलण्याची घाई न करता संगणक कोणत्या टप्प्यावर अडला आहे ते आधी ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बटण दाबल्यापासून संगणक ठरलेल्या क्रमानेच पुढे जातो. भिंतीतली वीज एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, येते आणि त्याची मागची कळ चालू असेल तर बटण दाबण्याआधीपासूनच ५ व्होल्टचा एक छोटा पुरवठा मदरबोर्डला मिळत राहतो. बटण दाबल्यावर मदरबोर्ड एसएमपीएसला हिरव्या तारेवरून इशारा देतो, मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात, ते स्थिर झाल्यावर साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘वीज ठीक आहे’ असा उलट इशारा मदरबोर्डला जातो आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. पुढे बायोस, म्हणजे मदरबोर्डवर साठवलेली सुरुवातीची आज्ञावली, आधी रॅम, मग ग्राफिक्स आणि शेवटी डिस्क तपासतो. त्यामुळे बटण दाबल्यावर संपूर्ण शांतता आहे, पंखे क्षणभर फिरून थांबतात, की पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले येत नाही, हे नीट पाहून वहीत लिहून ठेवावे. या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची कारणेही बहुतांशी वेगवेगळी आहेत.

हात घालण्यापूर्वी

प्रत्येक वेळी आत हात घालण्याआधी एसएमपीएसची मागची कळ बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते, आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच मदरबोर्डला स्पर्श करावा. पुण्यात पावसाळ्यात स्थिर विजेची फारशी भीती नसते, परंतु फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या दुपारी, विशेषतः सिंथेटिक कपडे घातलेले असताना, ही काळजी अवश्य घ्यावी. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भारित होतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही

सुरुवात भिंतीपासून करावी. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा, एक्स्टेंशन बोर्ड वापरत असल्यास तो वगळून प्लग थेट भिंतीत लावावा, एसएमपीएसच्या मागे जाणारी केबल शेवटपर्यंत दाबावी आणि तिथली कळ ‘ओ’कडे नसून रेघेकडे आहे ना ते पाहावे. काही जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा तांबडा खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा, कारण ११५ वर ठेवून प्लग लावल्यास एसएमपीएस तत्काळ जळतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची पद्धत आहे. वीज परत येताना झटका बसल्यास काही एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊन राहतात. असा संशय असल्यास प्लग पाच मिनिटे काढून ठेवावा आणि पुन्हा प्रयत्न करावा.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, आणि काही जुन्या इमारतींतही, सॉकेटला तीन भोके असतात पण अर्थिंगची तार आत जोडलेलीच नसते. अशा घरात कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. पुष्कळांना हा मदरबोर्डचा दोष वाटतो. प्रत्यक्षात एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसताना, कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येते. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून मोठा धक्का बसत नाही. केवळ एवढ्याने संगणक सुरू व्हायचा थांबत नाही, परंतु सुटे भाग हाताळताना आणि यूएसबी किंवा एचडीएमआय केबल लावताना नुकसान होऊ शकते. फेज आणि अर्थ यांत २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल व अर्थ यांत फार तर दोन-चार व्होल्ट दिसले पाहिजेत. हे माप इलेक्ट्रिशियनकडून घ्यावे आणि दोष असल्यास आधी तो दुरुस्त करून घ्यावा.

भिंतीपर्यंत सगळे ठीक असेल तर मदरबोर्डकडे पाहावे. बहुतेक बोर्डांवर प्लग लावताच एखादा छोटा दिवा लागतो किंवा यूएसबी माऊस उजळतो. तो उजळत असेल तर एसएमपीएस निदान जिवंत आहे आणि संशय बटणाकडे वळतो. कॅबिनेटच्या बटणाची तार मदरबोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्याजवळच्या नऊ पिनांच्या गटावर बसते. या गटात दोन ओळी असतात आणि एका ओळीच्या टोकाची एक जागा रिकामी असते. प्रचलित मांडणीत त्या रिकाम्या जागेला लागून असलेल्या, त्याच ओळीतल्या दोन पिना पॉवरच्या बटणाच्या असतात आणि त्यांच्या समोरच्या ओळीतल्या दोन रीसेटच्या. तरीही मदरबोर्डच्या पुस्तिकेतले चित्र पाहून खात्री करावी. अंधाऱ्या कोपऱ्यात ही तार एक घर इकडे-तिकडे बसणे ही अगदी नेहमीची चूक आहे.

खात्री करण्यासाठी बटणाची तार काढावी, संगणकाला वीज चालू ठेवावी आणि बारीक टोकाचा स्क्रू ड्रायव्हर त्या दोन पिनांवर एकाच वेळी टेकवून लगेच उचलावा. टेकवण्याचा काळ बटण दाबण्याइतकाच हवा, आणि शेजारच्या तिसऱ्या पिनेला तो लागू नये म्हणून मनगट कॅबिनेटच्या काठावर टेकवून हात स्थिर ठेवावा. पंखे फिरले तर मदरबोर्ड, एसएमपीएस आणि प्रोसेसर यांच्यावरचा निम्मा संशय तिथेच दूर होतो आणि दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या तारेत आहे हे कळते. रीसेटची तार तात्पुरती पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवता येते. या दोन्ही तारांना उलट-सुलट असा भेद नसतो. तो फक्त दिव्यांच्या तारांना असतो.

दिवाही लागत नसेल आणि टेकवूनही काही होत नसेल तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर काढून पुन्हा बसवावा. त्याची खिटी मदरबोर्डच्या आकड्यात अडकेपर्यंत तो दाबावा लागतो आणि नव्या बोर्डावर त्याला बराच जोर लागतो. दाबताना बोर्डाला खालून किंवा कडेने बोटांचा आधार द्यावा. तरीही शांतता असेल तर एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासावा. त्याच्या सर्व केबली संगणकातून काढाव्यात, एखादा पंखा तेवढा जोडावा आणि २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला कागदाच्या टाचणीने जोडावी. टाचणी घालताना प्लग काढलेला असावा, नंतरच तो लावावा. हल्ली सगळ्या तारा काळ्या असलेले एसएमपीएस मिळतात. तिथे अंदाजाने टाचणी घालू नये, एसएमपीएसच्या पुस्तिकेतले चित्र समोर ठेवावे. सोबत पंखा जोडायला सांगतो त्याचे कारण असे की कमी भारावर स्वतःचा पंखा न फिरवणारे एसएमपीएसही असतात आणि ते चालू असून बंद वाटतात. मल्टीमीटर असल्यास पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टीमीटर सहज मिळतो आणि घरी संगणक जोडणाऱ्याने तो घेऊन ठेवावाच. मात्र टाचणीच्या परीक्षेत पास झालेला एसएमपीएस प्रत्यक्ष भाराखाली मान टाकू शकतो, हे लक्षात असावे.

पंखे क्षणभर फिरून थांबतात

हे लक्षण म्हणजे बहुधा एसएमपीएसने कुठेतरी शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केल्याची खूण असते. माझ्या भाच्याने मागच्या वर्षी जोडलेला संगणक नेमका असाच वागत होता. बटण दाबले की पंखे एक चतुर्थांश फेरा मारत आणि टक् असा आवाज होऊन थांबत. “मामा, बोर्डच गेलाय,” असे म्हणून त्याने तो परत करायची तयारीही केली होती. आम्ही मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला आणि तो पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. कॅबिनेटमध्ये टॉर्च मारल्यावर कारण दिसले. त्यात मोठ्या आकाराच्या बोर्डासाठी नऊ पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट) आधीच बसवलेले होते, बोर्ड मायक्रो एटीएक्स या लहान आकाराचा होता आणि त्याला त्या जागी भोक नसल्याने एक स्टँडऑफ थेट बोर्डाच्या मागच्या डाखांना टेकत होता. बोर्ड उलटा केला तेव्हा तिथे डाळीच्या दाण्याएवढी गोल चकाकी उठलेली होती. तो स्टँडऑफ पान्याने काढला आणि संगणक आजतागायत चालू आहे.

म्हणून या लक्षणात बोर्ड बाहेर काढून चालवून पाहणे ही माझ्या मते सर्वांत उपयोगी परीक्षा आहे. बोर्डाखाली पुठ्ठा किंवा लाकूड ठेवावे. तो ज्या चकचकीत पिशवीत येतो ती ठेवू नये, कारण तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढेच जोडावे. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसेल तरच ग्राफिक्स कार्ड लावावे. डिस्क, यूएसबीच्या पुढच्या तारा, दिव्यांच्या माळा सर्व बाजूला ठेवावे. असा उघडा संगणक चालला तर एकेक भाग परत जोडत जावे आणि ज्या भागानंतर तो पुन्हा अडेल तिथे दोष सापडतो. एका वेळी एकच बदल करावा. दोन भाग एकदम बदलले की कशाने फरक पडला ते कळण्याचा मार्ग बंद होतो.

मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर आणखी एक गोष्ट जपावी. जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला बसतात म्हणून वापरू नयेत. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी सर्व कंपन्यांत सारखी नसते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही नसते, आणि चुकीच्या केबलीतून ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जळते.

संगणक काही सेकंद किंवा मिनिटभर चालून बंद पडत असेल तर कूलर काढून पाहावा. त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिलेली असते, किंवा चारपैकी एक खिळा नीट न बसल्याने कूलर एका बाजूने उचललेला असतो.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

सर्वाधिक लोक इथे अडतात. आधी सोपे ते पाहावे: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे ना, मदरबोर्डात नव्हे, आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे ना. ग्राफिक्स कार्ड घेतलेलेच नसेल तर प्रोसेसरचे नाव वाचावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे त्यात ग्राफिक्स नसते, आणि एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) रायझनमध्ये ते साधारणपणे ‘जी’ अक्षर असलेल्यांतच असते. अशा संगणकात सगळे निर्दोष असूनही पडदा काळाच राहणार.

त्यानंतर मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहावे. तिथे चार किंवा आठ पिनांचा, फक्त प्रोसेसरसाठीचा वीजकनेक्टर असतो. कॅबिनेट आणि कूलर यांच्या सांदीत तो दडलेला असल्याने जोडायचा राहून जातो, आणि तो नसतानाही पंखे व दिवे चालतात म्हणून संशय येत नाही. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला असाच असतो, पण पिनांचा आकार आणि विजेची मांडणी वेगळी असते. जोर लावून तो इथे बसवू नये. केबलवर ‘सीपीयू’ छापलेले आहे ना ते वाचावे.

मग रॅम. चार खाचा असलेल्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. एकच पट्टी असेल तर ती बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या खाचेत. पट्टी दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबावी आणि खिटीचा टक् असा आवाज येईपर्यंत दाबत राहावे. काही बोर्डांना एकाच बाजूला खिटी असते, तिथे दुसरे टोक अर्धवट उचललेले राहते आणि वरून पाहता ते लक्षात येत नाही. डोळा बोर्डाच्या पातळीला आणून पट्टीची सोनेरी कड दोन्ही टोकांना सारखीच बुडाली आहे का ते पाहावे. वापरलेल्या रॅमच्या कडेवर काळसर थर असेल तर आपल्याकडे ती खोडरबराने पुसतात. उपाय चालतो, पण रबर पांढरे व मऊ असावे आणि त्याचा चुरा ब्रशने पूर्ण झाडावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड मिळाल्यास ते अधिक चांगले. दोन्ही पट्ट्या काढून एकेक पट्टी स्वतंत्रपणे लावून पाहावी.

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या बाबतीत धीर धरणे हाच उपचाराचा भाग आहे. पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेतो आणि त्याला कित्येक मिनिटे लागू शकतात. मोठ्या क्षमतेच्या रॅमला त्याहून जास्त. या काळात पडदा काळा असतो आणि रॅमचा दिवा लागलेला असतो. लोक मिनिटभराने कंटाळून बटण दाबतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. निदान पंधरा मिनिटे संगणकाला हात लावू नये.

हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. ते क्रमाने लागून विझतात आणि जो लागून राहतो तो अडलेला टप्पा दाखवतो. असे दिवे नसतील तर बोर्डाच्या स्पीकरच्या पिनांवर छोटा बझर लावावा आणि बीपची संख्या पुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून पाहावी.

रॅमचा दिवा विझत नसेल आणि पट्ट्या नीट असतील तर बायोसची नोंद पुसावी. प्लग काढून सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावा, किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना काही सेकंद जोडाव्यात. प्रोसेसरचा दिवा लागून राहिल्यास बायोसची आवृत्ती जुनी असण्याची शक्यता प्रथम तपासावी. दुकानात पडून राहिलेला २०१८ सालच्या बी४५० चिपसेटचा बोर्ड २०२० मध्ये आलेल्या रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या बायोसवर ओळखत नाही. इंटेलच्या बी६६० बोर्डांचेही तेराव्या पिढीच्या बाबतीत तसेच आहे. मागे फ्लॅशबॅकचे बटण असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरची बायोसची फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, पुस्तिकेत सांगितलेल्या नेमक्या नावाने ठेवून प्रोसेसरशिवायही नवी आवृत्ती चढवता येते. हे काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून संगणक यूपीएसवर ठेवावा. बटण नसेल तर ज्या दुकानातून बोर्ड घेतला तिथेच बायोस अद्ययावत करून मागावा.

आवृत्ती योग्य असूनही प्रोसेसरचा दिवा जात नसेल तरच प्रोसेसर काढावा. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने, तिरप्या उजेडात, झूम करून फोटो काढल्यास वाकलेली पिन तिच्या वेगळ्या चकाकीने उठून दिसते. ती स्वतः सरळ करू नये. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि घट्ट चिकटलेल्या कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. शक्य असेल तर संगणक थोडा वेळ चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट कोमट होऊ द्यावी, बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलके पिळावा आणि मगच उचलावा.

डिस्प्ले येतो पण बूट करायला काही सापडत नाही अशी सूचना दिसत असेल तर संगणक सुरू झालेलाच आहे. बायोसमध्ये एसएसडी दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर ती खाचेत तिरपी बसली आहे का, आणि ती खाच एनव्हीएमई व साटा यांपैकी कोणता प्रकार स्वीकारते, हे तपासावे.

एवढे करूनही संगणक अडलेलाच राहिला तर एखाद्या मित्राचा चालू असलेला भाग उसना घेऊन अदलाबदल करावी, आणि त्यात मी पहिला क्रम एसएमपीएसला देईन, दुसरा रॅमला. दुकानात जाताना बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएमपीएस सगळे एकत्र न्यावे, वहीतली नोंद सोबत ठेवावी आणि बोर्ड देण्यापूर्वी दुकानदाराच्या समोर सॉकेटच्या पिनांचा फोटो काढून घ्यावा, कारण वाकलेल्या पिनांना वॉरंटी सहसा लागू होत नाही. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण याच प्रवासासाठी जपून ठेवायचे असते. रिक्षात हातात बोर्ड धरून जाताना ते बसवलेले असावे.

संगणक सुरू झाल्यावर लगेच विंडोज घालायला बसू नये. बायोसमध्येच दहा मिनिटे थांबून प्रोसेसरचे तापमान एका जागी स्थिर राहते का आणि रॅम पूर्ण क्षमतेची दिसते का ते पाहावे, मग संगणक बंद करून, प्लग काढून, बाजूला ठेवलेले भाग एकेक करून जोडावेत, प्रत्येक जोडणीनंतर एकदा सुरू करून पाहावे आणि सर्वांत शेवटी कॅबिनेटचे झाकण लावावे.